नऊ ते बाराचा खेळ

१ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य सरकारने एक शासन निर्णय काढला. दुकाने, उपाहारगृहे, चित्रपटगृहे यांना चोवीस तास उघडे राहता येईल. जिथे मद्य विकले किंवा दिले जाते त्या जागांना मात्र वेळेचे बंधन पूर्वीप्रमाणेच राहील, असा त्याचा आशय. त्यात नवे फारसे काही नव्हते. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने ही मुभा आधीच दिलेली होती, पण पोलीस आणि स्थानिक यंत्रणा रात्री दुकाने बंद करायला लावतात अशा तक्रारी येत राहिल्यामुळे सरकारला पुन्हा खुलासा करावा लागला. तरीही त्यानंतरच्या आठवडाभरात आमच्या सोसायटीच्या बैठकीत, नातेवाइकांच्या गटांवर आणि ओळखीपाळखीच्या लोकांत जो वाद मी ऐकला, तो पहिल्यापासून शेवटपर्यंत दारूवर होता. एका बाजूचे म्हणत होते की आता पोरे रात्रभर पीत बसतील आणि संस्कृती बुडेल. दुसऱ्या बाजूचे म्हणत होते की जगभर पहाटेपर्यंत पब चालतात, मग आम्हालाच दीड वाजता का उठवता? ज्या निर्णयातून मद्य नावानिशी वगळले आहे, त्यावर दोन्ही बाजू मद्यासाठीच भांडत होत्या. जानेवारी २०२० मध्ये मुंबईतले मॉल आणि उपाहारगृहे रात्रभर उघडी ठेवू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हाही हेच घडले होते. तेव्हाही बारची वेळ दीडचीच राहिली होती आणि तेव्हाही बोलणे बारचेच झाले होते.

हा वाद चुकीच्या प्रश्नावर चालला आहे, असे माझे ठाम मत आहे. बार किती वाजता बंद व्हावेत हा रात्रीच्या प्रश्नाचा सर्वांत लहान भाग आहे. मोठा प्रश्न असा की, खिशात दोनशे रुपये असलेल्या माणसाला, मग ती रुग्णालयातली पाळी संपवून निघालेली परिचारिका असो, वसतिगृहातला विद्यार्थी असो किंवा दोन मुलांना घेऊन निघालेले जोडपे असो, रात्री दहा-अकरा वाजता आपल्याच गावात बाहेर पडून एखादा चित्रपट पाहता येतो का, काही गार किंवा गरम पिता येते का, आणि मनात धाकधूक न ठेवता घरी परतता येते का? माझ्या लहानपणी या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी होकारार्थी होते. आज शहरे कितीतरी पटींनी श्रीमंत झाली, दिवे वाढले, रस्ते रुंद झाले आणि उत्तर नकारार्थी होत चालले आहे. रात्र ही नळाच्या पाण्यासारखी, बागेसारखी सार्वजनिक सोय आहे हे आपण विसरलो आणि ती ज्याला परवडेल त्याने विकत घ्यायची वस्तू झाली.

माझे लहानपण कोल्हापुरात गेले. महिन्यातून एखाद्या शनिवारी वडील नऊ ते बाराच्या खेळाची तिकिटे काढत. आई, आजी, आत्या आणि आम्ही तिघे भावंडे अशी निम्मी रांग आमचीच असे. खेळ पावणेबाराच्या सुमारास सुटला की पाय आपोआप गंगावेशीकडे वळत. तिथल्या दूध कट्ट्यावर रस्त्याच्या कडेला म्हशी बांधलेल्या असत आणि शेवटचा गवळी बहुधा निघण्याच्या बेतात असे. तो आपल्यासमोर कास धुऊन चरवीत धार काढी आणि फेसासकट पेला हातात देई. दूध अंगच्या उबेने कोमट असे, त्याला ओल्या वैरणीचा हलका वास येई, आणि साखर मागितली तर "साखर कशाला? तसंच पी की पोरी," असे हमखास ऐकावे लागे. माझी आई दिवसा चारचौघांत उभ्याने चहासुद्धा पीत नसे. ती तिथे डोक्यावरून पदर घेऊन, भिंतीला पाठ टेकून, सावकाश पेला संपवी. शेजारी तालमीतले पैलवान असत, बाजारातले हमाल असत, खेळ पाहून आलेली आणखी दोन-चार कुटुंबे असत. कोणी तिच्याकडे वळून पाहत नसे, कारण तिच्यासारख्या आणखी चौघीजणी तिथे पेला हातात घेऊन उभ्या असत. त्या रात्रीच्या सुरक्षिततेचे सगळे गणित या एका वाक्यात आहे, आणि त्याकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

त्याच गावात राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीसाठी खासबागचे मैदान आणि नाटकासाठी पॅलेस थिएटर अगदी शेजारी शेजारी उभे केले. थिएटर १९१५ साली पुरे झाले, पुढे त्याला संगीत रंगभूमीवरील थोर गायक-नट केशवराव भोसले यांचे नाव मिळाले, आणि ऑगस्ट २०२४ च्या आगीत ते जळाले तेव्हा कितीतरी घरांत आपले माणूस गेल्यासारखी अवकळा आली. ज्या राजाने राधानगरीचे धरण आरंभले आणि गावोगावच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली, त्याच राजाने दिवसाचे काम संपल्यावर रयतेने जायचे कुठे याचाही विचार केला, आणि तो आपल्या कारभाराचाच भाग मानला. आज कोणत्या महापालिकेच्या अर्थसंकल्पात असा विचार दिसतो?

रात्री बाहेर राहणे आपल्या संस्कृतीत बसत नाही, असे जे म्हणतात त्यांच्याशी मला सर्वांत आधी बोलायचे आहे. सिंधुदुर्गातला दशावतार रात्री उशिरा उभा राहतो आणि उजाडेपर्यंत चालतो. संगीत नाटकांचे प्रयोग पहाटेपर्यंत रंगत, आणि एकेका पदाला वन्समोअर देणारे ते प्रेक्षक सकाळी कामावरही जात. जत्रेतल्या तमाशाच्या फडाला, तंबूतल्या फिरत्या सिनेमाला रात्रीवाचून गत्यंतरच नव्हते, कारण शेतकरी दिवसा मोकळा नसे. आणि कोजागरी? आटवलेल्या मसाला दुधात चंद्र पाहण्यासाठी अख्खे घर गच्चीवर मध्यरात्रीपर्यंत बसते, कारण त्या रात्री लक्ष्मी 'को जागर्ति' असे विचारत फिरते आणि जो जागा असेल त्याच्यावर प्रसन्न होते, अशी आपली श्रद्धा आहे. ज्या समाजाने जागणाऱ्याला लक्ष्मीचा प्रसाद कल्पिला, त्याच्या नावाने रात्री दहाला शटर ओढायला लावणे हा त्या संस्कृतीचा अपमान आहे.

विरोधकांचे काही मुद्दे मात्र खरोखर वजनदार आहेत आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. पहिला मुद्दा झोपेचा. ज्यांच्या खिडकीखाली पहाटे दोनला गाड्यांचे हॉर्न आणि ध्वनिवर्धकांचे बास चालतात, त्यांना रात्रीच्या अर्थव्यवस्थेवरचे व्याख्यान ऐकवण्याचा अधिकार कोणालाही नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २००५ चा निकाल यांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकावर बंदी घातली. त्यामुळे तमाशाच्या फडांचे मोठे नुकसान झाले हे मला ठाऊक आहे, आणि तरीही मी त्या नियमाच्या बाजूची आहे, कारण आजारी माणसाला आणि परीक्षेला बसणाऱ्या पोराला शांतता मागण्याचा हक्क आहे. पण मग नियम आवाजावर असावा. गवळ्याची धार, चहाची किटली, बंद दारांमागचा चित्रपट, भेळेची गाडी यांचा आवाज किती होतो? आपले पोलीस मात्र नेमके यांनाच सर्वांत आधी उठवतात, कारण त्यांना उठवणे सर्वांत सोपे असते. ज्याच्या ध्वनिवर्धकाने खरोखर झोप उडते त्याच्याकडे बहुतेक वेळा वकील असतो.

दुसरा मुद्दा मरणाचा आहे. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत कमला मिलच्या आवारातल्या पबना लागलेल्या आगीत १४ माणसे गेली. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात हडफड्याच्या नाइट क्लबला लागलेल्या आगीत २५ जण दगावले आणि त्यांतले बहुतेक तिथले कामगार होते. ही नावे घेतली की रात्रीच्या बाजूने बोलणाऱ्याची मान खाली जाते, आणि जावीच. पण या तिन्ही घटनांत घड्याळाचा दोष किती होता, हे कोणी शांतपणे विचारले का? कमला मिलची आग रात्री साडेबाराच्या सुमारास लागली, म्हणजे परवानगीच्या वेळेच्या आतच. हडफड्याची आगही मध्यरात्रीच्या आसपासचीच. माणसे मेली ती बाहेर पडायच्या वाटा अपुऱ्या होत्या म्हणून, आणि आगीच्या बाबतीत जी काळजी घ्यायची ती घेतली गेली नव्हती म्हणून. कल्याणीनगरचा मुलगा कायद्याने मद्य पिण्याच्या वयाचा नव्हता. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षांची अट आहे. ती अट पाळली गेली असती आणि घरच्यांनी चावी हातात दिली नसती, तर बार दीडला बंद होवो की तीनला, ते दोघे आज असते. वेळ कमी करणे हा तपासणीला पर्याय समजला गेला की पुढची आग पुन्हा वेळेच्या आतच लागते.

तिसरा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो दारूने पोळलेल्या बायकांचा आहे. गावातल्या निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनी कौल दिला की दारूचे दुकान बंद होते. या 'आडव्या बाटली'च्या मतदानासाठी ज्यांनी घरोघर फिरून सह्या गोळा केल्या, मार खाल्ला, त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. गडचिरोलीची १९९३ पासूनची दारूबंदी लोकांच्या चळवळीतून आली. पण त्या बायकांचे भांडण कशाशी आहे ते नीट पाहिले पाहिजे. नवऱ्याची मजुरी भर दिवसा गिळणाऱ्या, गावाच्या वेशीवरच्या दुकानाशी ते आहे. रात्री दहा वाजता उघडे असलेले सरबताचे दुकान किंवा चित्रपटगृह त्यांचे शत्रू कधीच नव्हते. उलट त्या जागा जिवंत असतील तर संध्याकाळी गुत्त्यावर बसण्याखेरीज दुसरे काही करता येते हे पुरुषाला दिसेल. दिवसभर राबून आलेल्या माणसाला विरंगुळ्याची जागाच शिल्लक ठेवायची नाही आणि मग तो गुत्त्यात सापडला म्हणून त्याला दोष द्यायचा, यात न्याय कुठे आहे?

आणि नुसत्या बंदीने काय होते ते या राज्याने पाहिलेले आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आजही आपल्या डोक्यावर आहे. 'परमिट रूम' हा शब्द त्याचीच देणगी. दारूबंदीच्या काळात मुंबईच्या गल्ल्यांत 'आंटी'च्या खोल्या निघाल्या, हातभट्ट्या पेटल्या, हप्ते सुरू झाले. अगदी जून २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. मेलेले सगळे कष्टकरी होते. दिव्यांच्या झगमगाटात दीडपर्यंत बसणाऱ्यांपैकी तिथे कोणी नव्हते.

येथे थोडे थांबून मद्याच्या नावांकडेही पाहिले पाहिजे, कारण त्या नावांत एक जुना अन्याय दडला आहे. कोकणातली माडी, आदिवासी भागातली मोहाची दारू, गोव्याची फेणी ही त्या त्या मातीतली पेये. इंग्रज सरकारने १८७८ च्या आबकारी कायद्याने गाळण्याचा हक्क मूठभर मक्तेदारांकडे एकवटला आणि १८९२ मध्ये मोहाच्या फुलांवरच निर्बंध घालणारा स्वतंत्र कायदा केला. ज्याच्या अंगणात मोहाचे झाड त्याच्या बायकोने फुले वेचून ठेवली तर ती गुन्हेगार ठरू लागली, आणि सरकारी खजिना मात्र भरू लागला. कायदा बदलला तरी नजर बदलली नाही. एका बाटलीवर 'देशी' लिहिले की ती पत्र्याच्या शेडमध्ये उभ्याने प्यायची. इथेच बनलेल्या दुसऱ्या बाटलीवर 'विदेशी' लिहिले की तिला खुर्ची, टेबल आणि गार हवा मिळते. गोव्याने २०१६ मध्ये फेणीला 'देशी दारू'च्या यादीतून काढून वारशाचे पेय ठरवले, ते योग्यच केले. काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्या धारेचा हुर्राक आणि पुढे गाळून फेणी काढणाऱ्या माणसाच्या हातात एक कसब आहे, हे त्यामुळे कागदावर तरी मान्य झाले. मी स्वतः मद्य घेत नाही आणि कोणी घ्यावे असे सांगत नाही. माझे म्हणणे एवढेच की, पेयाचे नाव आणि पिणाऱ्याचे कपडे पाहून कोणती रात्र सभ्य हे ठरवणे थांबले पाहिजे.

मुंबईची रात्र मुळात कोणाची होती? १८६५ साली गॅसचे दिवे रस्त्यावर लागले आणि पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले, तेव्हा रात्र ताणली गेली ती मौजेसाठी नव्हे. कामगाराला अधिक तास राबवता यावे म्हणून. त्या राबणाऱ्यांनीच मग गिरणगावात आपली रात्र उभी केली. खानावळी, भजनी मंडळे, लालबागचे भारतमाता चित्रपटगृह, भोंग्याच्या आधी आणि नंतर उकळत राहणारा चहा. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला, गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्याच नाहीत, आणि त्याच फिनिक्स आणि कमला मिलच्या आवारांत मॉल आणि पब आले. ज्या जमिनीवर रातपाळीचा कामगार चार आण्यांचा चहा प्यायला तिथे आज त्याच्या नातवाला पाण्याची बाटली घेताना खिसा चाचपावा लागतो. 'नाइट लाइफ' हा शब्द उच्चारताना दोन्ही बाजूंच्या डोळ्यांपुढे हे आवार येते. त्याच्या फाटकाबाहेरचा रस्ता कोणाच्याच डोळ्यांपुढे येत नाही.

तो रस्ता मी काही वर्षे रोज पाहिला. मुंबईत एका दैनिकाच्या संपादकीय विभागात मी रातपाळी करत असे आणि शेवटची लोकल बहुधा चुकत असे. दीडनंतर स्थानकाबाहेर एक सायकलवाला येई. मागच्या कॅरिअरला चहाचा पिंप, हँडलला बिस्किटांच्या पुड्यांची पिशवी, आणि पुढच्या टोपलीत उपडे रचलेले कागदी पेले. त्याच्याभोवती टॅक्सीवाले, सुरक्षारक्षक, फुलबाजाराकडे निघालेल्या बायका आणि आम्ही दोघी-तिघी वार्ताहर असे कोंडाळे जमे. गस्तीच्या गाडीचा दिवा वळणावर दिसला की तो ओतता पेला तसाच कोणाच्या तरी हातात देऊन सायकल बोळात घाली. पाच मिनिटांनी परत येई आणि ज्याचा चहा अर्धा राहिला होता त्याला न विसरता भरून देई. पैसे बुडवल्याचे मी कधी पाहिले नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने फेरीवाल्याला रीतसर जागा आणि प्रमाणपत्र द्यायचे ठरवले, पण या माणसाचा धंदा अजूनही बोळाच्या भरवशावरच चालतो. मॉलला रात्रभर परवानगी देण्यासाठी मंत्रिमंडळ बसले. या सायकलला रात्रभर परवानगी द्यावी असे त्या बैठकीत कोणाच्या मनात तरी आले असेल का?

आता बायकांच्या सुरक्षिततेकडे वळते, कारण शेवटी सगळा विरोध तिथे येऊन टेकतो. "रात्री बाहेर पडायचेच कशाला?" हा प्रश्न विचारणारे १६ डिसेंबर २०१२ ची आठवण काढतात. मीही काढते. दिल्लीतली ती मुलगी मित्राबरोबर चित्रपट पाहून परतत होती, आणि रात्रीचे नऊ-साडेनऊच वाजले होते. रिक्षा मिळाली नाही म्हणून ती दोघे एका खासगी बसमध्ये चढली. त्या घटनेतून आपण मुलींना लवकर घरी बोलावण्याचा धडा घेतला. पण नऊ वाजता राजधानीत सरकारी बस का मिळू नये, हा धडा कोणी घेतला? ज्या रस्त्यावर माणसे असतात, उघडी दुकाने असतात, दुसऱ्या बायका असतात, तो रस्ता कोणत्याही कॅमेऱ्यापेक्षा अधिक सुरक्षित असतो. माझी आई गंगावेशीत निर्धास्त होती ती त्या चौघीजणींमुळे. शटर लवकर पाडली की त्या चौघी आधी नाहीशा होतात, आणि मग पाचवीला धोका आहे असे सांगून आपण तिलाही घरात बसवतो.

शिवाय काम करणाऱ्या बायका तर आधीच रात्री बाहेर आहेत. २०१७ च्या कायद्याने त्यांना संमतीने रात्री साडेनऊनंतरही काम करण्याची मुभा दिली आणि त्यांच्या संरक्षणाची जबाबदारी मालकावर टाकली. म्हणजे रात्री राबायला स्त्री चालते. राबून झाल्यावर तिने दोन घटका चौपाटीवर बसून काला खट्टा प्यायचे म्हटले की मात्र भुवया उंचावतात. पुरुषही या संशयातून सुटत नाहीत. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या १२२ व्या कलमाखाली सूर्यास्तानंतर संशयास्पद स्थितीत आढळलेल्याला पकडता येते. २०२२ मध्ये मुंबईत रात्री दीडच्या सुमारास रस्त्यावर बसलेल्या एका तरुणाला याच कलमाखाली न्यायालयात उभे केले गेले, आणि मुंबईसारख्या शहरात दीडची वेळ काही फार उशिराची नव्हे, असे सांगून दंडाधिकाऱ्यांनी त्याला सोडून दिले. न्यायालयाला ही साधी गोष्ट निकालपत्रात लिहावी लागली, याचे मला आजही वाईट वाटते.

कोणी म्हणेल की हे सगळे ऐकायला बरे, पण आपल्या शहरांना ते झेपणार नाही. पोलीस कमी, पैसा कमी. या आक्षेपाला उत्तर द्यायला परदेशी जाण्याची गरज नाही, भाद्रपदात पुण्यात आले की पुरे. गणेशोत्सवाचे दहा दिवस लक्ष्मी रस्त्यावर रात्री एक वाजता खांद्यावर झोपलेली पोरे घेऊन बाया-बापे देखावे पाहत फिरतात. उसाच्या रसाच्या चरकाला बांधलेले घुंगरू मध्यरात्री वाजत असतात, मस्तानीच्या दुकानापुढे रांग असते, तात्पुरती का होईना पण स्वच्छतागृहे उभी असतात, आणि पोलीस लोकांना हाकलत नाहीत, वाट दाखवतात. २०२५ च्या उत्सवात मेट्रो मध्यरात्रीनंतरही धावली आणि विसर्जनाला तर अखंड धावली. मुंबईत अनंत चतुर्दशीच्या रात्री जादा लोकल सुटतात. याच महापालिका, हेच पोलीस, हीच रेल्वे. म्हणजे रात्र सांभाळण्याची विद्या आपल्याला येते. ती आपण फक्त देवासाठी वापरतो. माणसासाठी वापरायचे म्हटले की मनुष्यबळ कमी पडते. रोज दहा दिवसांसारखी गर्दी होणार नाही, रोज तेवढा बंदोबस्तही लागणार नाही. लागेल ते थोडेच, पण ते वर्षभर लागेल.

चित्रपटगृहांच्या बाबतीत तर उशीर झालाच आहे. गावोगावची एकपडदा चित्रपटगृहे पाडून तिथे व्यापारी संकुले आली, आणि शेवटचा खेळ मल्टिप्लेक्सच्या पाचव्या मजल्यावर गेला, जिथे तिकिटापेक्षा लाह्या महाग असतात. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ द्यायचे की नाही हे ठरवण्याचा हक्क चित्रपटगृहाच्या मालकाचा, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले, आणि पिण्याचे पाणी मात्र फुकट दिलेच पाहिजे हेही सांगितले. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. पण एका कुटुंबाला एका रात्रीचे दीड-दोन हजार रुपये मोजावे लागणार असतील, तर ते कुटुंब घरी दूरचित्रवाणीपुढे बसणार, आणि त्याच्याबरोबर खेळ सुटल्यावरची ती दोन तासांची वर्दळही घरी बसणार. पाडलेल्या प्रत्येक चित्रपटगृहामागे एक रसवंती, एक भुर्जीची गाडी, दोन रिक्षा आणि कोपऱ्यावरचे पानाचे दुकान बंद होते. गेल्या वर्षी आईला, तिचे वय आता अठ्ठ्याहत्तर आहे, मी गंगावेशीत घेऊन गेले. दूध तसेच होते, गवळीही साखरेवरून तसेच बोलला. पण आम्ही साडेआठला गेलो आणि साडेनऊच्या आत परतलो, कारण नंतर घराकडे येणारी रिक्षा मिळेल याची खात्री नव्हती.

म्हणून रात्रीच्या वेळेच्या बंधनावर पुढची सुनावणी जेव्हा होईल, तेव्हा तिथे बारमालक आणि संस्कृतिरक्षक यांच्याबरोबर आणखी काही माणसांना बोलावले जावे. महापालिकेचा स्वच्छतागृहांचा अधिकारी तिथे असावा आणि रात्री दहानंतर किती स्वच्छतागृहांना कुलूप असते हे त्याने सांगावे. पथविक्रेता समितीने रात्रीच्या परवान्यांचा हिशेब द्यावा. आणि रेल्वेला विचारले जावे की रात्री एकपासून पहाटे चारपर्यंत लोकल बंद असतात त्या वेळेचे काय. रुळांच्या देखभालीला ते तास लागतात, हे मान्य आहे. रात्री रुळांवर काम करणारी माणसेही माणसेच आहेत. पण रूळ बंद असले तरी रस्ता बंद नसतो. चर्चगेट ते विरार आणि सीएसएमटी ते कल्याण, प्रत्येक स्थानकाबाहेर थांबणारी, लोकलच्या पासावर चालणारी आणि ठरल्या वेळेला येणारी बस त्या तीन तासांत दर अर्ध्या तासाने सोडायला किती गाड्या आणि किती चालक लागतील, हा आकडा काढणे अवघड नाही. तो अजून कोणी मागितलेला नाही.